शेती घराची, जाणकारीही घराची

डहाणू-तलासरी परिसरात भातशेती असो वा चिकूची वाडी, राबते ते सारे कुटुंब. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. तथापि तोडलेला चिकू थोड्याच दिवसांत पिकून नासू लागतो. म्हणून प्रतवारी, बाजारभाव आणि उरलेल्या फळांच्या वाळवलेल्या चकत्या वा भुकटी करण्याची माहिती घरातील प्रत्येकास असणे अगत्याचे आहे. अनेक घरांत निवडणी स्त्रिया करतात. हिशोब मात्र एकाच्याच हाती असतो. तो आजारी पडला, की व्यवहार थांबतो. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. तेथे पतिपत्नींनी, तरुण मुलामुलींनीही जावे आणि आठवड्यातून एकदा हिशोबाची वही सर्वांसमोर उघडावी, असे आम्हांस वाटते.