दिव्याच्या उजेडात मालाचा ठावठिकाणा

वखारीत कोणत्या लॉटची थप्पी कोठे आहे, हा प्रश्न आपणां सर्व व्यापारी बंधूंस परिचित आहे. जुना माल आधी निघाला नाही तर तो किडतो. जी. पी. एस. चे उपग्रह येथे निरुपयोगी; सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा त्यांचा संदेश मुळातच क्षीण, तो पत्र्याच्या छपराखाली पोहोचत नाही. हे काम आता दिवे करू लागले आहेत.

एल. ई. डी. दिवा सेकंदास हजारो वेळा मंद व तेज करता येतो. डोळ्यांस तो स्थिरच भासतो. प्रत्येक दिव्यास निराळा संकेत दिला, म्हणजे आपण कोणत्या दिव्याखाली आहोत हे खालील उपकरणास उमगते. २०१५ साली फिलिप्स कंपनीने फ्रान्समधील लील येथे कारफूरच्या दुकानात असे दिवे बसविले. गिऱ्हाइकाच्या फोनचा कॅमेरा ते संकेत वाची.

फोनऐवजी लहानसा बिल्ला वापरल्यास त्यावरील सौरघट संकेतही टिपतो आणि त्याच उजेडातून वीजही मिळवितो. बॅटरी बदलणे नको. मात्र भर उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स, तर दिव्याखाली काहीशेच. म्हणून बिल्ला वीज साठवीत राहतो आणि मधूनमधूनच बिनतारी संदेशाने आपला ठिकाणा कळवितो.

परंतु उजेड पोत्याच्या आरपार जात नाही! थप्पीच्या पोटातील बिल्ला आंधळाही आणि उपाशीही. तेव्हा तो प्रत्येक पोत्यास नव्हे, थप्पीच्या दर्शनी बाजूस किंवा हातगाडीस लावावा, आणि दिव्यांवरील धूळ (धान्याच्या वखारीत ती किती बसते हे सांगावयास नको) वरचेवर पुसावी, असे आम्हांस वाटते.