नाव मोठे की तालीम मोठी?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत चर्चा सुरू होते. फार्मसी की इंजिनिअरिंग, डी.एड. की स्पर्धा परीक्षा, नर्सिंग की बी.ए. या चर्चेत एक सोय असते. कॉलेजांच्या याद्या छापून येतात, मागच्या वर्षीचा कटऑफ कळतो आणि मोहल्ल्यातला कोणीतरी त्या कॉलेजातून शिकून आलेला असतो. पण अलीकडे मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगारपासून श्रीरामपूर-संगमनेरपर्यंत एखाद्या घरात मूल अचानक म्हणते, "मला अभिनय शिकायचाय." मग मोठ्या माणसांची पंचाईत होते, कारण या वाटेने गेलेले ओळखीचे कोणी नसते.

शाळेत शिकवताना आणि पालकांशी बोलताना आम्ही ही चर्चा अनेकदा ऐकली आहे. तिचा नमुना ठरलेला असतो. मामू म्हणतात, "शिकायचंच असेल तर दिल्लीला एनएसडीत जाऊ दे, बाकी सगळं वेळ घालवणं." चाचांचे मत पुण्याच्या एफटीआयआयला. मोठी बहीण मोबाईलवर 'देशातल्या पहिल्या दहा' संस्थांची यादी काढते, तिच्यात मुंबईची एखादी खासगी अकॅडमी वरच्या नंबरावर असते. अब्बा विचारतात, "यातलं रँकिंग खरं कोणाचं?" आणि अम्मी हळूच विचारते, "हॉस्टेल आहे का? फी किती? पुढं नोकरीचं काय?" आमच्या मते या सगळ्यांत अम्मीचे प्रश्न सर्वांत कामाचे असतात; पण ते सर्वांत शेवटी ऐकले जातात.

यादी कोण करते?

आधी रँकिंगचे पाहू. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी आहे. तिची पहिली यादी २०१६ साली आली. विद्यापीठे, महाविद्यालये, इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, कायदा अशा गटांत ती दरवर्षी निघते. पण अभिनय किंवा नाट्यशास्त्र असा वेगळा गट तिच्यात नाही. त्यामुळे "सरकारी रँकिंगमध्ये अभिनयाचे पहिले कॉलेज कोणते?" या प्रश्नाला उत्तरच नाही.

दुसरा शब्द येतो 'नॅक'चा. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था महाविद्यालयांचे मूल्यमापन करून श्रेणी देते. पण ती श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. एखाद्या कॉलेजला 'अ' श्रेणी आहे म्हणजे तिथला नाट्यविभागही तसाच आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधन, निकाल असे सगळे मिळून ती ठरते.

मग उरतात त्या मासिकांच्या आणि मोबाईलवरच्या याद्या. यादी वाचताना तिच्याखाली एक ओळ शोधावी: हे क्रमांक कशावरून काढले? किती विद्यार्थ्यांना विचारले? यादीत नाव असलेल्या संस्थेची जाहिरात त्याच पानावर आहे का? ही माहिती दिलेली नसेल, तर ती यादी म्हणजे कोणाचे तरी मत. मत वाचायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर घरातले लाखभर रुपये काढू नयेत.

नावाची पुण्याई

रँकिंग नसले तरी लौकिक असतो, असे पालक म्हणतात. ते खरे आहे. पण लौकिक कधीचा आहे, हेही पाहायला हवे.

दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ साली सुरू झाली. तिला नाव मिळवून दिले ते इब्राहिम अल्काझी यांनी. अरब व्यापारी घराण्यातले अल्काझी १९२५ साली आपल्या पुण्यात जन्मले आणि १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे त्यांनी ही संस्था चालवली. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी हे त्यांचे विद्यार्थी. म्हणजे ज्या नावांवरून आपण आज त्या संस्थेची थोरवी सांगतो, त्यांतली अनेक नावे अर्ध्या शतकापूर्वी तिथे शिकून गेली.

पुण्याच्या एफटीआयआयचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत ही संस्था उभी राहिली. जया भादुरी, शबाना आझमी तिथे अभिनय शिकल्या. नसीरुद्दीन शाहही दिल्लीनंतर तिथे गेले. पण तोच अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाला आणि २००४ साली पुन्हा सुरू झाला. मधली पंचवीसेक वर्षे तिथे अभिनयाचा वर्गच नव्हता. तरी लोकांच्या तोंडी "अभिनयासाठी एफटीआयआय" हेच राहिले. २०१५ साली तिथे विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला, तेव्हा "आता ती संस्था बिघडली" असेही लोक म्हणू लागले. लौकिक असाच असतो. उशिरा येतो आणि उशिरा जातो. आज वर्गात कोण शिकवते, हे त्यावरून कळत नाही.

दोन्ही संस्था आजही आदराने घेण्याजोग्या आहेत, यात शंका नाही. पण मामू आणि चाचा यांच्या वादात एक गोष्ट राहून जाते. या दोन्ही ठिकाणी अभिनयाच्या मुख्य अभ्यासक्रमाला पदवीनंतर प्रवेश मिळतो. बारावी झालेल्या मुलाला तिथे अर्जच करता येत नाही. म्हणजे ज्या संस्थांवरून घरात भांडण होते, त्यांचा दरवाजा तीन वर्षांनी उघडणार असतो. मधल्या तीन वर्षांत काय करायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही.

एक चमकला, बाकीचे?

पालक संस्थेची किंमत तिथून निघालेल्या नटांवरून करतात. शाळेत आम्ही असा हिशेब मान्य करत नाही. एका विद्यार्थ्याला ९५ टक्के मिळाले म्हणून शाळा चांगली ठरत नाही. पूर्ण वर्गाचे काय झाले ते पाहावे लागते.

एनएसडीच्या तीन वर्षांच्या वर्गात साऱ्या देशातून तीसेक मुले घेतली जातात. त्यांतले एखादे नाव पडद्यावर येते. तेही कधी? नवाजुद्दीन सिद्दीकी १९९६ साली तिथून बाहेर पडले. उत्तर प्रदेशातल्या शेतकरी कुटुंबातला, विज्ञानाची पदवी घेऊन बडोद्याला केमिस्टची नोकरी केलेला हा माणूस. 'गँग्स ऑफ वासेपूर'मुळे घराघरांत पोहोचला तो २०१२ साली. मधली सोळा वर्षे लहान लहान भूमिका केल्या. देशातली सगळ्यात नावाजलेली पदविका हातात असतानाही सोळा वर्षे! आपल्या घराची तेवढी तयारी आहे का, हा प्रश्न संस्थेच्या क्रमांकापेक्षा मोठा आहे.

आणि बाकीचे? त्यांतले कोणी नाट्यशिक्षक होतात, कोणी दिग्दर्शन, नेपथ्य किंवा प्रकाशयोजना करतात, कोणी आवाजाचे काम करतात, कोणी मुलांसाठी नाट्यशिबिरे घेतात. ही इज्जतीची आणि भाकरीची कामे आहेत. संस्थेत चौकशीला गेल्यावर "तुमच्याकडचा स्टार कोण?" असे न विचारता "पाच वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुले आज काय करतात?" असे विचारावे. चांगली संस्था या प्रश्नाला सरळ उत्तर देते.

आपल्या नगरचा दाखला

दूर कशाला, आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. सदाशिव अमरापूरकर नगरचे. त्यांनी पुणे विद्यापीठात इतिहासात एम.ए. केले आणि अभिनय शिकले ते रंगभूमीवर. १९८३ सालच्या 'अर्धसत्य'ने त्यांना देशभर ओळख दिली. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकले. तिथला विभाग अभिनयाचा नाही, संज्ञापनशास्त्राचा आहे. तिथे असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले. यावरून "मग न्यू आर्ट्सलाच घालू" असे म्हणणेही तितकेच घाईचे आहे. मुलाला कॅमेऱ्यामागे उभे राहायचे आहे की पुढे, हे आधी ठरले पाहिजे.

यातून घ्यायचे ते एवढेच की कामाची संधी जिथे मिळाली, तिथे माणूस तयार झाला. अशी संधी नगरमध्ये आहे. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र इथे असते, बालनाट्य स्पर्धा होते, महाकरंडकाच्या निमित्ताने सावेडीच्या माऊली सभागृहात राज्यभरातून एकांकिका येतात. एनएसडीच्या प्रवेशासाठी अलीकडच्या वर्षांत किमान सहा नाटकांतल्या सहभागाची अट असते. ती सहा नाटके करायची ती अशाच ठिकाणी. पदवीच्या तीन वर्षांत ती सहज होऊ शकतात, आणि तेवढ्यात मुलाची हौस किती आणि जिद्द किती, हेही घराला कळते.

बारावीनंतर लगेचच हा विषय घ्यायचा असेल, तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाटकात पदवी घेता येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे. मुंबई विद्यापीठात पदवीनंतर नाट्यकलेत एम.ए. करता येते. पहिली दोन शहरे नगरपासून एसटीने तीन-चार तासांच्या अंतरावर आहेत.

काय विचारावे?

पहिले म्हणजे शेवटी मिळणारा कागद कोणता. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो. खासगी अकॅडमी प्रमाणपत्र देते. एनएसडीची पदविका महाविद्यालयात शिक्षक होण्यासाठी एम.ए.शी समकक्ष धरली जाते. उद्या मुलाला शिक्षक व्हायचे असेल, शैक्षणिक कर्ज किंवा शिष्यवृत्ती घ्यायची असेल, तर ही मान्यता आड येते. चमकदार माहितीपत्रकापेक्षा हे एक वाक्य लिहून घ्यावे.

दुसरे, वर्गात मुले किती आणि पूर्ण वेळ शिकवणारे किती. मोठा नट वर्षातून एकदा येऊन दोन तास बोलून जातो आणि त्याचा फोटो मात्र दारावर लागतो. रोज आवाजाचा, शरीराचा, वाचनाचा सराव कोण घेते?

तिसरे, भाषा कोणती. हा मुद्दा आपल्या मुलांच्या बाजूचा आहे. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी अशा तीन भाषा त्यांच्या जिभेवर असतात. उर्दू शाळेतल्या तकरीर आणि बैतबाजीने तलफ्फुज साफ झालेला असतो. हिंदी नाटकाला तो उपयोगी पडतो. पण पुण्यात शिकायचे तर मराठी संवाद तितक्याच सहजतेने बोलता आले पाहिजेत. मुलाची मजबूत भाषा आणि संस्थेची भाषा जुळते का, ते पाहावे.

चौथे, खर्च. फीबरोबर खोली, जेवण, प्रवास धरावा. मुलगी असेल तर तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात आणि हॉस्टेल किती दूर आहे, हे स्वतः जाऊन पाहावे.

पाचवे आणि सर्वांत सोपे: तिथल्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग मुलासोबत बसून पाहावा. अभिनयाची पारख पाहूनच होते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. २०२२ साली अंतिम फेरीतला एकही संघ त्या करंडकाच्या योग्यतेचा नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. त्यावर बराच वाद झाला, पण तो निर्णय रंगमंचावर जे दिसले त्यावरून झाला होता. पालकांनीही तेवढे कष्ट घ्यावेत.

घरातला मशवरा

आपल्या घरांत यापेक्षाही आधी येणारा एक प्रश्न आहे: हे काम आपल्याला जायज वाटते का? काही घरांत उत्तर 'नाही' असते, काही घरांत अटींसह 'हो'. तो निर्णय त्या त्या घराने, आपल्या भरवशाच्या जाणकारांना विचारून घ्यावा. आमची विनंती इतकीच की हा प्रश्न कॉलेजच्या रँकिंगआड लपवू नये. मनातून नकार असलेला बाप "ते कॉलेज चांगलं नाही" म्हणतो, मूल दुसऱ्या कॉलेजचे नाव काढते, मग तेही चांगले नसते. असे सहा महिने जातात, अर्जाच्या तारखा निघून जातात आणि मुलाला कळतच नाही की अब्बांची हरकत कॉलेजला नव्हतीच. कोणत्या भूमिका करणार नाही, कोणत्या पोशाखाला नाही म्हणणार, वर्गात शरीराच्या हालचालींचे शिक्षण कसे असते, हे मुलाने आणि पालकांनी प्रवेशाआधी समोरासमोर बसून बोलावे. दुसऱ्या वर्षात, अर्धी फी भरल्यावर, हे भांडण सर्वांनाच महाग पडते.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठी नाटकवाले तालीम म्हणतात ते सरावाला. अभिनयाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकच होतात. म्हणून संस्था निवडताना तिथे रोज किती तास आणि कोणाच्या नजरेखाली तालीम होते, हे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे कारण नाही. या हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धा नगरला आली की मुलाला घेऊन दोन नाटके पाहा, घरी येताना त्याला काय आवडले ते विचारा, आणि तो बोलत असताना मध्ये कोणत्याही कॉलेजचे नाव घेऊ नका.