हातगाडीचं चाक बदललं, पण आस तोच ठेवला : भागाचा लिखित मजकूर

आजचा विषय छोटा आहे, पण त्यात माझा पाय थोडक्यात वाचलाय.

रत्नागिरीजवळ आमची कलमांची बाग आहे. तिथे एक दोनचाकी लोखंडी हातगाडी आहे. शेणखत, चिरे, पाण्याचे कॅन, सगळं तिच्यावरच. गेल्या एप्रिलमध्ये भरलेली गाडी उतारावरून आणत होतो आणि डावं चाक आसाच्या टोकासकट तुटून गेलं. गाडी माझ्या पायाशेजारीच आडवी पडली. आणि दोनच महिन्यांपूर्वी मी तिला नवी चाकं घातली होती! म्हणजे खर्च केला, तोही चुकीच्या ठिकाणी.

तुटलेला तुकडा बघितल्यावर उलगडा झाला. बाहेर रंग मारलेला आस चांगला जाडजूड दिसत होता. पण चाकाच्या हबमध्ये जो भाग जातो, तिथे तो खंगला होता. तिथे पावसाचं पाणी शिरतं आणि लवकर वाळत नाही, वर आपला खारा वारा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आधी चाक जाम होतं. मग आपण डिझेल सोडून, ठोकून ते मोकळं करतो. गंज झडतो, चाक फिरतं, आपण खूश. आत उरलेला असतो तो बारीक झालेला आस.

तेव्हा जाम चाक निघालं की आसाचं टोक पॉलिश पेपरनं घासून व्हर्नियर लावा. हबमधल्या भागाचं माप आणि मधल्या, न गंजलेल्या भागाचं माप. फरक बोटाला जाणवण्याइतका असेल तर चाकाचा विचार नंतर, आधी आस.

आता नवा आस घेताना एक गंमत आहे. मी दुकानात '20 मिमीचा बार द्या' म्हणालो आणि साधा काळा बार घेऊन आलो. चाकात 6204 नंबरचं बेअरिंग होतं, त्याचं भोक 20 मिमीच असतं. तरी बार आत जाईना. काळा बार गरम असतानाच लाटलेला असतो, माप थोडं इकडेतिकडे असतं, वर पापुद्रा. 'ब्राइट बार' मागायचा, तो मापात असतो. नंबरचं गणितही सोपं आहे. 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा, भोकाचं माप मिळतं. 6203 मात्र 17 मिमी आणि 6202 म्हणजे 15. बागेसाठी नंबरापुढे 2RS, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या. ZZ वाल्याला पत्र्याची झाकणं असतात, चिखलपाण्यात त्यांचा निभाव लागत नाही.

बेअरिंग हबमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोकायचं. आतल्या कड्यावर हातोडी पडली की गोळ्या फिरतात त्या खाचेत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. एका हबात दोन बेअरिंग असतील तर त्यांच्या मध्ये नळीचा तुकडा हवाच. तो नसेल तर नट आवळला की चाक जाम, आणि आपण बेअरिंगवाल्याच्या नावानं खडे फोडतो. मी टोकाला नटाऐवजी भोक पाडून कॉटर पिन घातली. पिनेच्या आधी वायसर, तोही लहान, आतल्या कड्यालाच टेकेल असा. सीलवर घासला तर सील फाटतं.

आस गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करायचा मोह होतो. वेल्डरही म्हणतो, 'दोन टाके मारतो, विषय संपला.' मी यू-बोल्ट लावले. पुढच्या वेळी पाना घेऊन तासाभरात आस निघाला पाहिजे, कारण कोकणात पुढची वेळ येणारच.

आसाच्या उघड्या भागाला ग्रीस चोपडलं, रंग नाही. रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही, हे एकदा बघितलंय. दिवाळीनंतर पाऊस सरला की दोन्ही पिना काढून चाकं उतरवतो आणि टोकं बघतो. यंदा बघितली तेव्हा उजवीकडे थोडी तांबूस छटा होती. पुसली, पुन्हा ग्रीस लावलं, गाडी खताला गेली.