छत्तीस हजार किलोमीटरवरचा ठिपका

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टीव्हीचे चित्र दिवसाउजेडी काही मिनिटे फुटते. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. आम्ही हे सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारले, मग तो उपग्रह दुर्बिणीतून दिसतो का? (प्रश्न उर्दूच्या तासाला आला, विज्ञानाच्या नव्हे.) आम्ही चटकन 'हो' म्हणालो. घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा कळले की आमचे उत्तर अर्धेच खरे होते.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. चांगल्या दुर्बिणीतून त्याचा ठिपका दिसतो, आकार नाही. त्याची लांबी 10 मीटर धरली, तर तो आकार ओळखणे म्हणजे सांगलीत कृष्णाकाठी कोणी हातात धरलेले लिंबू साताऱ्यातून ओळखणे!

पण आकार बघायची गरज काय? 30 ऑगस्ट 1983 रोजी 'इन्सॅट-1बी' अवकाशात गेला. त्याची जागा होती 74 अंश पूर्व, म्हणजे साताऱ्याचेच रेखांश. त्याचा सौर पंख अडकला आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडला नाही. देशाचे दूरदर्शन आणि ढगांची छायाचित्रे त्या पंखावर अवलंबून होती. अभियंत्यांना उपग्रहाकडून आकडे येत होते, पंख मात्र कोणालाच दिसत नव्हता. पुढे जुलै 2010 मध्ये 'इन्सॅट-4बी'च्या सौर पंखाची वीज घटली आणि त्याची निम्मी प्रक्षेपण यंत्रणा बंद ठेवावी लागली. तिथे शिडी लावून चढणारा मिस्त्री नाही. 2019 च्या महापुरात सांगलीतले आमचे नातेवाईक वरच्या मजल्यावर अडकले होते. तेव्हा आम्ही तासातासाला इन्सॅटची ढगांची चित्रे उघडून बघत होतो. म्हणून ही बाब आम्हाला दूरची वाटत नाही.

पंखाचा एक मीटरचा तुकडा वेगळा दिसायला सुमारे 24 मीटर रुंद आरसा लागतो, 10 सेंटिमीटरचा भाग दिसायला सुमारे 240 मीटर. आज वापरातले मोठ्यात मोठे आरसे 10 मीटरच्या आसपास आहेत. यावरची युक्ती आपल्या महाराष्ट्रातच बघायला मिळते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 45 मीटर व्यासाच्या 30 डिश उभ्या राहिल्या. त्या 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. साऱ्यांचे संकेत एकत्र जुळवले की बारकावे टिपण्यापुरती जणू 25 किलोमीटरची एकच दुर्बीण तयार होते.

खोडदला रेडिओलहरी टिपतात. त्या हातभर लांब, म्हणून जुळवणी शक्य होते. उपग्रहावरून परतणारा सूर्यप्रकाश मात्र मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढ्या लहरींचा असतो. दोन दुर्बिणींतून आलेला प्रकाश त्याहूनही बारीक मापाने जुळवावा लागतो, आणि हवा सतत थरथरत असते. त्यात उपग्रह फार मंद. अमेरिकेत ॲरिझोनातल्या जोडलेल्या दुर्बिणींना 2008 मध्ये एका टीव्ही उपग्रहाचा प्रकाश असा जुळवता आला, तोही सौर पंख आरशासारखे चमकले त्या थोड्या वेळात. त्यातून मापे मिळाली, चित्र नव्हे.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेच्या गच्चीवर नेले. साताऱ्यातून बरोबर दक्षिणेला तोंड करून सुमारे 69 अंश वर बघा, 74 अंशांवरची जागा तीच. सांगलीकरांनी किंचित पश्चिमेला वळावे. तिने बराच वेळ बघितले आणि म्हणाली, काहीच नाही. आम्ही म्हटले, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडद सर्वांसाठी खुले असते, तिकडे जाऊ. तिने लगेच विचारले, अम्मीलाही घेऊन येऊ का?