जुळी बाळे आणि कापडी लंगोट : निर्णय कसा घ्यावा?

घरात एकदम दोन बाळे आली की आनंदासोबत कामही दुप्पट होते. पहिल्या काही महिन्यांत तान्ह्या बाळाला दिवसाला १० ते १२ लंगोट लागतात, म्हणजे जुळ्यांना २० ते २४. भंडारा जिल्ह्यात बाळंतपण आषाढ-श्रावणात आले तर नेमकी धानाची रोवणी सुरू असते. घरातील बहुतेक हात बांधीत गुंतलेले असतात आणि कपडे वाळायला ऊन मिळत नाही. म्हणून कापडी लंगोट वापरावे की बाजारातील डायपर, हे बाळंतपणापूर्वीच हिशेब करून ठरवावे.

किती लंगोट लागतील?

उन्हाळ्या-हिवाळ्यात धुतलेले लंगोट त्याच दिवशी वाळतात. त्यामुळे जुळ्यांसाठी ३६ लंगोट पुरतात. पावसाळ्यात वाळायला दोन ते अडीच दिवस लागतात, तेव्हा ६० जवळ असावेत. नऊवारी सुती लुगड्यातून अर्ध्या मीटरचे सुमारे ३० चौकोन निघतात. विरलेला भाग सोडला तरी तीन जुनी लुगडी पुरेशी होतात. डांबरगोळ्या ठेवलेल्या पेटीतील कापड मात्र घेऊ नये. काही बाळांमध्ये जन्मतः एका विकराची कमतरता असते. अशा बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटतात व तीव्र कावीळ होऊ शकते.

खर्चाचा हिशेब

एका बाळाला दिवसाला ७ डायपर धरले तर दोघांना १४ लागतात. नग १० रुपयांना पडत असेल तर रोजचे १४० व महिन्याचे ४,२०० रुपये होतात. फक्त रात्री प्रत्येकी एक डायपर वापरल्यास हाच खर्च ६०० रुपये येतो. आपल्या गावातील भाव घालून हा हिशेब करावा. कापडाला पैसा कमी लागतो, पण पाणी, साबण व श्रम लागतात. हे श्रम बाळंतिणीच्या वाट्याला येऊ नयेत.

कापडाचा एक मोठा फायदा

जुळी बाळे पुष्कळदा कमी वजनाची असतात व त्यातील एखादे दूध ओढण्यात मागे पडते. पहिल्या आठवड्यानंतर अंगावर पुरेसे दूध पिणारे बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. कापडी लंगोट ओला झालेला लगेच कळतो. डायपर लघवी शोषून घेत असल्याने ते समजणे कठीण जाते. एकाच्या लंगोटांना लाल व दुसऱ्याच्या लंगोटांना हिरवा दोरा शिवावा व दोघांची मोजणी वेगळी ठेवावी. एखाद्याची संख्या सहापेक्षा कमी झाल्यास आशाताईंना सांगून बाळाला लगेच दवाखान्यात दाखवावे.

धुण्याची पद्धत

१) शी संडासात टाकावी. हे पाणी विहीर, बोडी किंवा बोअरवेलजवळ सोडू नये.
२) लंगोट आधी थंड पाण्यात खळबळून नंतर गरम पाण्यात साबणाने धुवावेत.
३) साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावेत. राहिलेल्या साबणाने त्वचा लाल होते.
४) शक्यतो उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ओसरीत दोरीवर वाळवून गरम इस्त्री फिरवावी. चुलीच्या धुरावर वाळवू नयेत.

डायपर वापरल्यास

डायपर ओले नसले तरी तीन-चार तासांनी बदलावे व शी झाल्यास लगेच बदलावे. वापरलेले डायपर उकिरड्यावर टाकू नये. त्यातील प्लॅस्टिक कुजत नाही, शेणखतासोबत बांधीत जाते व जनावरांच्या पोटातही जाऊ शकते. ते कागदात गुंडाळून वेगळे ठेवावे व ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्यावे. जाळू नये.

कापड प्रत्येक वेळी पर्यावरणाला चांगलेच असते असे नाही. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात दोन्हींचा कार्बन वायूंचा भार जवळपास सारखाच आढळला. मात्र एका वेळी भरपूर कपडे धुणे, दोरीवर वाळविणे व तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरणे यांमुळे कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. दोरीवर वाळविणे आपल्याकडे रूढच आहे आणि जुळ्यांमुळे धुणेही एकदम भरपूर निघते.

निर्णय

घरात पाणी, ऊन आणि धुणारे हात ही तिन्ही असतील तर कापडी लंगोटच वापरावेत. यांपैकी एक कमी पडत असेल तर दिवसा कापड, रात्री व प्रवासात डायपर असा मेळ घालावा. रोवणीच्या दिवसांत घरी हात नसतील तर तेवढे आठवडे डायपर वाढवावेत. त्यात कमीपणा नाही. धुण्याची पाळी घरातील पुरुषांनीही घ्यावी. काहीही वापरले तरी बाळाची त्वचा कोरडी राहणे महत्त्वाचे आहे. लाली दोन-तीन दिवसांत कमी न झाल्यास किंवा फोड आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.