कौंडिण्यपूरची फौज आणि नाथांची विभूती

शिपाई मोठा की मांत्रिक मोठा, हा वाद फार जुना आहे. रामायणाच्या बालकांडात राजा विश्वामित्र फौजफाट्यासह वसिष्ठांच्या आश्रमात येतो, त्यांच्या गाईवर हक्क सांगतो आणि सारे सैन्य गमावून बसतो. पुढे तो राज्य सोडून तपाला बसला, तो शस्त्राच्या बळाचा फोलपणा पटल्यामुळेच. मराठीत ही चुरस सर्वांत रंगली आहे ती 'नवनाथ भक्तिसार' या पोथीत. श्रावणात आपल्या वऱ्हाडात घरोघरी या पोथीचे पारायण होते. परंतु पाटावर ठेवून हळदकुंकू वाहण्याचा हा ग्रंथ आहे असे समजून आपण विद्यार्थी त्याकडे वाङ्मय म्हणून क्वचितच पाहतो.

धुंडीसुत मालू कवीने हा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली पुरा केला. अध्याय चाळीस. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. आदल्याच वर्षी पेशवाई संपली होती. त्यापूर्वी १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे उधळली गेली आणि पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला. भलीमोठी सेना पाहता पाहता वाऱ्यावर जाते, हे त्या पिढीच्या श्रोत्यांना निव्वळ कविकल्पना वाटले नसेल.

पोथीतील युद्धाची रीत ठरलेली आहे. राजाकडे हत्ती, घोडे, पायदळ; नाथाकडे काखेत झोळी आणि झोळीत भस्म. मंत्र पुटपुटून चिमूटभर विभूती फेकली की अस्त्र सुटते. वातास्त्राने माणसे आकाशात उडतात, तर स्पर्शास्त्राने जमिनीला चिकटतात. अयोध्येच्या पाशुपत राजाच्या द्वारपालांनी मच्छिंद्रनाथांना देवळात जाण्यास अटकाव केला, तेव्हा देवापुढे वाकलेला राजाच जमिनीला खिळून राहिला! श्रोत्यांना यात गंमत वाटते, पण या चमत्कारांमागे एक विचार आहे. तो स्पष्ट दिसतो तो आपल्याच परिसरातील एका कथेत.

ही कथा कौंडिण्यपूरची. वर्धा नदीच्या काठचे हे गाव अमरावतीहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. मालू कवी सांगतो की येथे शशांगर नावाचा राजा होता आणि कृष्णागर हा त्याचा मुलगा. सावत्र आई भुजावंती त्याच्यावर भाळली. त्याने तिला नकार देताच तिने राजापुढे त्याच्यावरच आळ घेतला. राजाने चौकशी केली नाही. मुलाचे हातपाय तोडून त्याला चव्हाट्यावर टाका, असा हुकूम त्याने दिला आणि शिपायांनी तो बजावला. पुढे मच्छिंद्र आणि गोरक्ष यांनी त्या मुलाला जवळ केले. हाच चौरंगीनाथ. बारा वर्षांच्या तपानंतर त्याला पुन्हा हातपाय फुटले आणि तो गुरूंबरोबर बापाच्या नगरीत परत आला. त्याने वातास्त्राने राजाची बाग उद्ध्वस्त केली, रखवालदार आकाशात उडविले. मागून फौज आली, तीही उडविली.

हीच कथा पंजाबात सियालकोटच्या पूरन भगताच्या नावाने सांगतात. तेथे राजा सलवान आणि सावत्र आई लूणा अशी नावे आहेत. नाथपंथी जोगी फिरत राहिले, तशा त्यांच्या कथाही फिरल्या. त्या जेथे जेथे गेल्या, तेथील राजाला त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

आता मुख्य मुद्दा. शिपाई हरला आणि नाथ जिंकला, एवढेच या कथेचे सार मानले तर तिचा अर्थ निसटतो. चौरंगीनाथ उडविलेल्या लोकांना पुन्हा खाली आणतो आणि शेवटी ज्याने आपले हातपाय तोडविले त्या बापाच्याच पाया पडतो. शिपायांच्या तलवारीने हात तुटला, पण तो परत जोडण्याची सोय तलवारीत नव्हती. शस्त्र आणि विद्या यांतील खरा फरक येथे आहे. ज्याला उतरविता येत नाही त्याने उडवू नये, हा पोथीतील अलिखित कायदा आहे.

महाभारतही हेच सांगते. सौप्तिक पर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही. सोडण्याची विद्या दोघांजवळ होती, परत घेण्याची एकाजवळच होती.

येथे कोणी म्हणेल, मग मांत्रिकाच्या हाती सत्ता द्यावी काय? मालू कवी तसेही म्हणत नाही. गोपीचंद राजाने जालंदरनाथांना खड्ड्यात पुरून वर घोड्यांची लीद लोटली. पुढे त्यांना बाहेर काढताना कानिफनाथाने गोपीचंदाचे पाच धातूंचे पाच पुतळे आधी पुढे केले आणि गुरूच्या कोपाने ते एकामागून एक भस्म झाले. राजा वाचला तो त्या पुतळ्यांमुळे. म्हणजे सिद्धपुरुषाचा रागसुद्धा निवू द्यावा लागतो. त्याच्यासमोरही कोणीतरी पुतळे धरावे लागतात.

शिपायाचा दोष कोणता? तो दुबळा आहे हा नव्हे. दुसऱ्याच्या हुकमावर तो न विचारता वार करतो, हा त्याचा दोष. 'वरचा हुकूम होता' एवढ्यावर सुटका होत नाही, हे जगाने १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात ऐकले. आणि मांत्रिकाचा दोष कोणता? सोडलेले परत घेता न येणे. तो ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर दिसला. आजचा शास्त्रज्ञ हाच आजचा मांत्रिक होय.

आपल्यापैकी काहीजण एन. सी. सी. च्या गणवेशात कवायत करतात, काहीजण प्रयोगशाळेत परीक्षानळ्या हाताळतात. मोर्चात घोषणा देणारेही आपणच. हुकूम, सूत्र आणि घोषणा ही तिन्ही आपापल्या परीने अस्त्रेच आहेत. घोषणेच्या भरात भिरकावलेला दगड हाताकडे परत येत नाही. म्हणून येत्या श्रावणात घरी पोथी लागली, तर चौतिसाव्या अध्यायापाशी थोडे थांबावे. फौज आकाशात उडाली की श्रोते आनंदाने माना डोलावतात. त्यांनी माना डोलवाव्यात ती फौज सुखरूप खाली उतरते तेव्हा.