दोन पांढरे रंग

घराला रंग देण्याचा प्रसंग आला म्हणजे मोठ्या गोष्टींत चटकन एकमत होतें. घोडें पेंड खातें तें क्षुल्लक गोष्टींत! आमच्या माजघराला पांढराच रंग द्यावयाचा, हें सर्वांस मान्य होतें. परंतु वहिनींनीं पसंत केला निळसर झांकीचा मोतिया, आणि धाकट्या बंधूंनीं किंचित् पिवळसर असा हस्तिदंती. शेडकार्डावरील हे दोन चौकोन शेजारीं ठेवल्यावांचून त्यांतील भेद ओळखूं येत नसे. तरी पंधरा दिवस घरांत अबोला!

पूर्वीं चुन्यांत चिमूटभर नीळ घालावयाची कीं पिवडी, एवढाच प्रश्न असे. आजहि तोच आहे. बहुतेक पांढऱ्या रंगांतील मूळ शुभ्र द्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड हें एकच. वेगळेपण येतें तें त्यांत पडणाऱ्या पिवळ्या, तांबड्या वा काळ्या थेंबांनीं.

मग निवड करावी कशी? जुन्या भिंतीवर पट्टे ओढूं नयेत. शेजारच्या जुन्या रंगानें डोळा फसतो. हातभर लांबरुंद पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन थर द्यावे, ते पुरते वाळूं द्यावे, आणि ते पुठ्ठे त्याच खोलींत प्रत्येक भिंतीशीं सकाळीं, दुपारीं व दिवेलागणीला धरून पाहावे. उत्तरेकडून येणारा उजेड निळसर असतो; त्यांत मोतिया उदास भासतो. २७०० केल्व्हिनच्या दिव्याखालीं हस्तिदंती अधिक पिवळा दिसतो, ६५०० केल्व्हिनच्या दिव्याखालीं त्याचा पिवळेपणा लोपतो. फरशीची छटाहि भिंतीवर उतरते.

आमच्या माजघराची खिडकी उत्तरेची. तेव्हां कौल हस्तिदंतीला मिळाला, व वहिनींनींहि तो हंसून मान्य केला. मग आम्हीं सहज काकूंस विचारलें. त्यांचा बहुतेक दिवस माजघरांतच जातो, आणि मोतीबिंदूनें त्यांची दृष्टि मंद झाली आहे. त्या म्हणाल्या, "मला दोन्ही सारखेच रे! पण दाराची चौकटहि पांढरी कराल, तर दार कुठें आहे तें मला दिसायचें नाहीं."

आम्ही सारे ओशाळलों. चौकट पांढरी करण्याचा बेत केव्हांच ठरला होता, आणि त्याविषयीं कोणी अवाक्षर काढलें नव्हतें! चौकट आतां गडद तपकिरी आहे.

वाचकांस आमची एवढीच विनंति, कीं पुठ्ठे अवश्य रंगवावे. परंतु त्याआधीं, त्या खोलींत सर्वांत अधिक वेळ ज्याचा जातो, त्यास विचारावें.